गुठळीचे निकष वयाप्रमाणे बदलायला हवेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणे हा मुख्यतः उतारवयातला आजार. एकूण लोकसंख्येत वर्षाला साधारण हजारात एकाला तो होतो. ऐंशीच्या पुढे हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास जाते. तपासणीचे ठोकताळे मात्र बरेचसे तरुण, धडधाकट शरीरांवरून बसवलेले.

डी-डायमर या रक्त तपासणीचेच घ्या. गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे ती मोजते; आकडा मर्यादेखाली असेल तर गुठळी नसावी असे धरतात. मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला की रिपोर्टवर तो ठळक छापून येतो. पण हा आकडा वयाबरोबर आपोआपच चढतो. म्हणून पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा धरावी. ७८ वर्षांच्या माणसाला ७८०. फुफ्फुसातल्या गुठळीच्या संशयितांवर युरोपात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ७५ च्या पुढच्या ज्या रुग्णांबाबत संशय दाट नव्हता, त्यांच्यापैकी जुन्या मर्यादेने फक्त ६.४ टक्क्यांना गुठळी नाही असे सांगता आले. वयानुसार मर्यादेने २९.७ टक्क्यांना. एकही जास्तीची गुठळी नजरेतून सुटली नाही. मात्र लक्षणांवरून संशय दाट असेल तर डी-डायमरवर विसंबू नये, थेट सोनोग्राफी किंवा स्कॅनसारखे इमेजिंग करावे. आणि एकक पाहावे: काही प्रयोगशाळा डीडीयू (डी-डायमर युनिट) हे वेगळे एकक वापरतात, त्यात आकडा निम्म्यावर येतो आणि वयाला पाचाने गुणावे लागते. रिपोर्टवर एकक स्पष्ट नसेल तर हा सगळा हिशेब फुकट.

पोटरीचे मापही असेच फसवते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली टेप लावून दोन्ही पायांत ३ सेंमीपेक्षा जास्त फरक आहे का, हे पाहतात. हृदय कमजोर असल्याने दोन्ही पाय आधीच सुजलेले असतील तर फरक दिसणार कुठून?

सोनोग्राफीत प्रोब दाबल्यावर शीर चपटी झाली नाही तर आत गुठळी. पण जुन्या गुठळीचा व्रणही शीर चपटी होऊ देत नाही. म्हणून पुढे तुलना करता यावी यासाठी उपचार थांबवताना एकदा सोनोग्राफी करून शिरेत उरलेल्या गुठळीची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवून ठेवावी. हे फार कमी ठिकाणी होते.

औषधाच्या बाबतीत घोळ क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचे काम कसे चालले आहे हे सुचवणाऱ्या रक्तातल्या आकड्याचा. ८२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन १.१ असेल तर रिपोर्ट नॉर्मलच वाटतो. वय, वजन आणि क्रिएटिनिन धरणाऱ्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला की क्लिअरन्स, म्हणजे किडनीची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला २८ मिली निघतो. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत क्लिअरन्स २५ किंवा ३० च्या खाली असणाऱ्यांना घेतलेच नव्हते. म्हणजे ज्यांना रक्तस्रावाची भीती सर्वांत जास्त, त्यांच्याबद्दलच पुरावा तोकडा.

यापुढच्या अभ्यासांत स्मृतिभ्रंश किंवा किडनी कमजोर एवढ्यावरून वृद्धांना वगळू नये. संमती नातेवाइकांकडून घेता येते. आणि निष्कर्ष मांडताना ७५ च्या वरचे सगळे एकाच रकान्यात कोंबू नयेत. वजन, क्लिअरन्स, पडण्याच्या घटना आणि रक्तस्राव यांचे आकडे वेगवेगळे द्यावेत.

आपले,
वृद्ध रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर