सर, पाचव्या ओळीखालच्या रेघेबद्दल

आदरणीय सर,

सोमवारी कॉलेजात आले होते. पिशवीत साताऱ्याच्या मोती चौकातून घेतलेले अर्धा किलो कंदी पेढे. एम.ए.चा निकाल लागला, संख्याशास्त्राच्या पेपरात वर्गात पहिली आले. ही बातमी तुम्हाला फोनवर द्यायची नाही, समोर उभं राहून द्यायची असं ठरवून पहिल्या गाडीने निघाले होते. स्टाफरूमबाहेरच्या टाईमटेबलात तुमचं नाव शोधलं. वरून खाली, मग खालून वर. शेवटी ऑफिसात विचारलं. "ते सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) होते, यंदा नाहीत," असं उत्तर मिळालं, मान वर न करता. कुठे गेले? "काय सांगून नाही गेले." फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही म्हणे.

पेढे स्टँडवरच फोडले. पुसेगाव गाडीला उशीर होता, शेजारी एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्या पोराने चार खाल्ले. निकाल कशाचा तेही त्याला सांगितलं, त्याने पाचवा मागितला.

तर हे पत्र असं चव्हाट्यावर लिहायचं कारण एवढंच, की तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते खपणार नाही, आणि ज्यांना ओळखायचंय ते तसंही ओळखतील.

तुम्ही सीएचबीवर आहात हे तीन वर्षांत आम्हाला कळलंच नव्हतं, सर. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते मला एम.ए.ला समजलं, बरोबरची पोरं नेट-सेटच्या गप्पांत पुढच्या आयुष्याचा हिशोब मांडायला लागली तेव्हा. जेवढे तास घ्याल तेवढ्याचेच पैसे, सुट्टी लागली की तेही बंद. आणि शनिवारी कॉलेज सुटल्यावर आम्हा सात-आठ जणींना घेऊन तुम्ही मागच्या खोलीत बसायचात, ते तर कुठल्याच मस्टरवर नव्हतं. पावणेचार झाले की तुम्हीच घड्याळ बघायचात. "चारची गाडी जाईल, उठा आता." आमच्या गाड्यांच्या वेळा आमच्यापेक्षा तुम्हाला पाठ.

तुमच्या आधी जे लाभले त्यांच्याबद्दलही लिहिते. पगार पूर्ण, नोकरी कायम. नाव घेत नाही, कॉलेजही सांगत नाही. त्यांच्या हातात गाईड असायचं आणि आमच्या हातातही तेच गाईड. ते वाचायचे, आम्ही बोट फिरवायचो. गणिताचं प्रकरण आलं की गाईड मिटून म्हणायचे, "आर्ट्सच्या पोरींना हे कशाला? ऑप्शनला टाका." त्या अख्ख्या वर्षात माझ्या पदरात पडलं ते एवढंच, की 29 जूनला प्रशांतचंद्र महालनोबिसांचा जन्मदिवस असतो आणि म्हणून आपल्याकडे तो सांख्यिकी दिन. तेही स्पर्धा परीक्षेला विचारतात म्हणून सांगितलेलं. एकदा मी हिंमत करून वही घेऊन गेले. मध्यकाचं उदाहरण होतं, अर्ध्यात अडकलेलं. त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही. लाल पेनाने पानाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली आणि वही परत दिली. मागे रांगेत मुलं उभी होती. घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हणलं मास्तर?" मी म्हटलं, बघू म्हणाले.

दुसऱ्या वर्षाला तुम्ही आमच्या वर्गावर आलात. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने आम्ही तुमच्यावर नाराज होतो. तुम्ही नोट्स देत नव्हतात, आणि नोट्स नाहीत म्हणजे सरांना येत नाही, हा आमचा साधा हिशोब. तास बुडवत नव्हतात, हीही तक्रारच. सीनियर मुलांनी तर आधीच घाबरवून ठेवलं होतं, की या सरांचा तराजू सोनाराचा आहे, अर्धा मार्कसुद्धा फुकट पडत नाही. मागच्या बाकांवर तुमचं नाव 'प्रमाण विचलन' पडलं होतं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप. तुम्हाला ते माहीत होतं असा माझा संशय आहे.

आणि मग त्या चिठ्ठ्या. तुम्ही वर्गात कोरे कागद वाटलेत. नाव घालायचं नाही, मला पाचपैकी किती मार्क द्याल तेवढा आकडा लिहा, म्हणालात. आम्हाला वाटलं, फीडबॅकचं नाटक असेल. दुसऱ्या दिवशी सगळे आकडे फळ्यावर. 36 चिठ्ठ्या. पाच मार्क देणारे 16, चार देणारे 2, दोन देणारे 2, एक देणारे 16. एक देणाऱ्यांमध्ये मीही होते, हे आज कबूल करते. तुम्ही बेरीज केलीत, 108. भागिले 36, आले तीन. मग वर्गाकडे वळून म्हणालात, "म्हणजे तुमच्या मते मी पाचपैकी तीनवाला, बरा शिक्षक. आता हात वर करा, तीन कोणी दिलेत?" एकही हात वर झाला नाही. कारण तीन कोणी दिलेच नव्हते. "सरासरी अशी असते. जे कोणाचंच मत नाही, तेच सगळ्यांचं मत म्हणून सांगते." मग प्रत्येक आकडा तीनपासून किती लांब ते मांडत गेलात, त्या फरकांचे वर्ग, वर्गांची सरासरी, तिचं वर्गमूळ, आणि शेवटी 1.91 आलं. "माझं टोपणनाव," असं म्हणून त्याच्याभोवती चौकट केलीत. पहिल्यांदा अख्खा वर्ग एकत्र हसला.

सोळा जणांनी स्वतःला दिलेला एक-एक मार्क फळ्यावर लिहून त्यावर धडा घेणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.

त्यानंतरचा दांडेकर-सुखात्म्यांचा तास तर मी एम.ए.च्या मुलाखतीत जसाच्या तसा सांगितला. वि. म. दांडेकर 1920 साली साताऱ्यातच जन्मले आणि पां. वा. सुखात्मे 1911 साली बुधला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला खरंच वाटेना. बुध म्हणजे आमच्या गाडीच्या वाटेवरचं गाव. तिथला माणूस पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं काम बघतो, आणि आम्हाला बुध माहीत ते फलटणच्या रस्त्यावरचा थांबा म्हणून! दांडेकरांनी नीलकंठ रथांबरोबर 1971 साली भारतातल्या दारिद्र्यावर लिहिलं. माणशी रोजच्या 2250 उष्मांकांइतकं अन्न ज्या खर्चात येत नाही, त्या खर्चाखालचा तो गरीब, असा त्यांचा हिशोब. सुखात्मे म्हणाले, थांबा. सगळ्यांच्या अंगाला सारखंच लागत नाही, एकाच माणसालाही रोज सारखं लागत नाही. सरासरीच्या खाली दिसला म्हणून उपाशी म्हणायचं, तर निम्मे लोक कायमचे उपाशीच ठरणार. रेघ ओढायची तर सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली ओढा. एका जिल्ह्यातली दोन माणसं, भांडण एका रेघेच्या जागेवरून, आणि रेघ खाली सरकली की कागदावर कोट्यवधी लोक एका रात्रीत जेवलेले.

मी तोवर वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी कसं कोण जाणे, बसल्या जागेवरून म्हटलं, "सर, आमचे तात्या वाशीला माथाडी आहेत. दिवसभर पोती वाहतात. त्यांना बावीसशे पन्नासही पुरायचे नाहीत. खालच्या रेघेने तर ते पोट भरलेलेच दिसतील." बोलून झाल्यावर वाटलं, आता फुली. तुम्ही खडू खाली ठेवलात. मला उभं करून पुन्हा सांगायला लावलंत, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग कोणाला किती उष्मांक लागतात ते दाखवणारा जो उंचवट्यासारखा वक्र फळ्यावर होता, त्याच्या उजव्या उतारावर एक ठिपका दिलात आणि खाली लिहिलंत, 'तात्या'. तास संपला तरी तुम्ही ते पुसलं नाहीत. नंतरच्या मराठीच्या मॅडमनी विचारलं, हे तात्या कोण?

पण आभार मानायचेत ते याचे नाहीत. म्हणजे याचेही आहेतच. पण मी ज्यासाठी पेढे घेऊन आले होते, ते वेगळंच आहे.

पहिल्या चाचणीत तुम्ही पुसेगावच्या बाजारातले बटाट्याचे पाच दिवसांचे भाव घातले होते. किलोला 12, 15, 18, 14, 21. प्रमाण विचलन काढा. माझं उत्तर चुकलं होतं. पेपर हातात आला तेव्हा मी तो पालथाच धरला होता, कारण मला माहीत होतं आत काय असणार. बाकाखाली धरून उघडला. लाल पेन कुठेच नव्हता. पाचव्या ओळीखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ आणि तिच्या शेजारी, तितक्याच बारीक अक्षरात, 'इथपर्यंत बरोबर. पुढे घाई.'

दोन शब्द आणि दोन शब्द. सर, तुम्ही त्या दिवशी 36 पेपर वाटलेत, तुमच्या लक्षातही नसेल. पण मला तोपर्यंत असंच वाटत होतं, की चूक म्हणजे अख्खं पान चूक, आणि पान चूक म्हणजे ते लिहिणारी चूक. माझ्या चुकीला सुरुवात आहे, ती एका ठरावीक ओळीपासून सुरू होते आणि तिच्या वरचं सगळं माझं स्वतःचं, बरोबर आलेलं आहे, हे कोणी दाखवलंच नव्हतं. सहाव्या ओळीत मी वर्गमूळ घ्यायच्या ऐवजी दोनने भागलं होतं. बास, एवढंच. तिथेच बाकावर वर्गमूळ काढलं. 8.4 चं वर्गमूळ 2.90. ते पेन्सिलीच्या रेघेखाली लिहिलं आणि मग दिवसभर काही सुचलं नाही.

पेन्सिलच का, हे मी नंतर एकदा विचारलं होतं. "माझंही चुकू शकतं की," म्हणालात आणि वळून स्कूटर सुरू करायला लागलात. तीन लाथांत ती कधी सुरू झाली नाही.

माणसांचा चांगुलपणा असा कुठे कुठे सापडतो मला. लायब्ररीतले मामा स्वतःच्या कार्डावर मला तिसरं पुस्तक द्यायचे. कोरेगावला चढणारा एक कंडक्टर परीक्षेच्या दिवसांत आमच्या फाट्यावर घंटी मारायच्या आधी मागे बघून घ्यायचा, कोणी पळत येतंय का. यातल्या कोणालाही तसं करायला सांगितलेलं नव्हतं, आणि नसतं केलं तरी कोणी विचारलं नसतं. ज्यांना विचारायला हवं होतं, ते मात्र कायम आहेत, त्यांचं नाव टाईमटेबलात सोमवारी सापडलं मला, तीन ठिकाणी. जाऊ दे. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

आता खरं कामाचं. हे पत्र लिहायला बसले म्हणून ट्रंकेतून तो चाचणीचा पेपर काढला. घड्या पडल्यात, पण पेन्सिल दिसते. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो नीट वाचला, म्हणजे तपासणाऱ्याच्या नजरेने.

सर, सरासरी 16, बरोबर. फरक वजा 4, वजा 1, 2, वजा 2, 5, तेही बरोबर. चौथ्या ओळीत वर्ग केलेत. 16, 1, 4, मग वजा 4, मग 25. वजा दोनचा वर्ग मी वजा चार केलाय! म्हणून पाचव्या ओळीत बेरीज 50 यायची ती 42 आलीय आणि भागाकार 10 यायचा तो 8.4. चूक चौथ्या ओळीत आहे. तुमची रेघ पाचवीच्या खाली आहे.

इथपर्यंत बरोबर नव्हतं, सर.

भाव तुम्हीच निवडलेले होते. बेरीज 50, भागाकार नेमका 10, इतकं सुटसुटीत येईल असेच आकडे घेतले होतेत. त्या दिवशी छत्तीस पेपरांत 10 बघून बघून तुमचे डोळे दुखले असतील, आणि माझ्या पानावर ढळढळीत 8.4. ते तुमच्या नजरेतून सुटलं? अर्धा मार्क फुकट न देणाऱ्या, सोनाराच्या तराजूवाल्या माणसाच्या?

चुकून सुटलं असेल, तर पाचपैकी दिलेल्या तीन मार्कांतला एक मी परत करायला तयार आहे. आणि मुद्दाम असेल, तर तसं कळवा. पेपर जपून ठेवलाय, रेघ खोडलेली नाही. पेढे पुन्हा आणीन.

तुमची विद्यार्थिनी,
(तिसरा बाक, खिडकीकडची. तात्यांची पुतणी.)