माळा न बांधल्याबद्दल आभार

आदरणीय सुतारकाका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही काम आटोपून निघालात तेव्हा दारात आभार मानून झाले होते आणि हिशेबही चुकता झाला होता. तरीही हे पत्र लिहीत आहे, कारण ज्या कामासाठी आम्ही तुम्हाला बोलावले होते ते तुम्ही केलेच नाही, आणि नेमके त्याबद्दलचे आभार मानायचे राहून गेले. आम्हाला झोपण्याच्या खोलीत भिंतभर माळा हवा होता. तो बांधून देऊन तुम्ही चांगली कमाई करू शकला असता. त्याऐवजी तुम्ही दोन उथळ फडताळे, काही खण आणि खुंट्यांची एक ओळ एवढेच करून दिलेत. सामानावरून कुरबुर होणारे घर काही आमचे एकट्याचेच नसेल, म्हणून हे पत्र इतरांनाही वाचता यावे असे उघडपणे लिहीत आहे.

आमच्याकडे कडाक्याचे भांडण क्वचितच होत असे, पण धुसफूस रोजची होती. माझे पती वायरी, चार्जर, स्क्रू आणि उपकरणांची रिकामी खोकी जपून ठेवतात. मी कापडाचे तुकडे, जुनी मासिके आणि आलेली पत्रे ठेवते. आपापले सामान दोघांनाही बिनतक्रार चालत होते आणि दुसऱ्याचे तेवढे डोळ्यांत खुपत होते. त्यावर आम्ही दोघांनी मिळून काढलेला तोडगा म्हणजे माळा. सगळे वर टाकायचे आणि विषय संपवायचा. तुम्ही भिंतीकडे पाहिलेत आणि म्हणालात, “माळा करून देतो, पण तो भरला की मला परत बोलवाल, आणि तेव्हा भिंत शिल्लक नसेल.”

त्यानंतर तुम्ही टेप काढलात, पण भिंतीला न लावता सामानाला लावलात. मासिकांच्या गठ्ठ्याची उंची, फायलींची रुंदी, त्या वायरींच्या पिशवीचा घेर, सगळे मोजून पेन्सिलीने प्लायच्या तुकड्यावर लिहून घेतलेत. कपाटावर एका दूरचित्रवाणी संचाचे रिकामे खोके होते. त्याचीही लांबी-रुंदी तुम्ही गंभीरपणे मोजलीत आणि मग संच कुठे आहे म्हणून विचारलेत. संच केव्हाच विकून झाला होता. आम्ही दोघेही हसलो, आणि सामानाच्या विषयावर एकत्र हसण्याचा प्रसंग आमच्याकडे फार दिवसांनी आला होता.

पण खरी मेख होती ती कात्रीची. तुम्ही आम्हा दोघांना एकाच वेळी कात्री आणायला सांगितलेत. मी शिवणाच्या डब्याकडे गेले, हे लिहिण्याच्या टेबलाकडे गेले, आणि कात्री निघाली ती दाराजवळच्या टोपलीत. आम्ही एकमेकांकडे रागाने पाहू लागलो तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “वस्तू कुठे ठेवायची हे विचारू नका. ती हवी झाली की पाय आपोआप कुठे जातात ते बघा, तीच तिची जागा.” आमच्यासाठी मग दोन कात्र्यांच्या दोन जागा ठरल्या. “कितीदा सांगितले, जागेवर ठेवत जा” या वाक्यातली जागा नेमकी कोणी ठरवली होती, हा प्रश्न त्यापूर्वी आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नव्हता. एकाने मनाशी ठरवायची आणि दुसऱ्याने ती पाळायची, अशा जागेवर कोणतीही वस्तू फार काळ राहत नाही.

तुमच्या कामातले जे शास्त्र तुम्ही बोलता बोलता सांगितलेत, तेही इथे नोंदवते, कारण कपाट करून घेणाऱ्यांना ते फारसे कोणी सांगत नाही. हँगरवर आडवे टांगलेले कपडे दार बंद होऊन मावायचे असतील तर कपाटाला साधारण साठ सेंटिमीटर खोली लागते. परंतु कागदपत्रे, पुस्तके आणि बारीकसारीक सामान त्याच खोलीच्या फळीवर ठेवले की पुढच्या रांगेमागे एक दुसरी रांग तयार होते आणि त्या मागच्या रांगेतले सामान घरात असूनही नसल्यासारखे होते. ते सापडत नाही म्हणून नवे आणले जाते, आणि मग एकाच वस्तूचे दोन-तीन नग निघाले की दोष कोणाचा यावर वाद होतो. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा फायलींच्या फळीची खोली साधारण तेवढीच आणि दोन फळ्यांमधले अंतर फाईलच्या उंचीहून, ती काढताना बोटे घालता येतील एवढेच जास्त असले तरी पुरते. आमच्या जुन्या फळ्यांत दुप्पट खोली होती आणि वरची निम्मी जागा रिकामी होती. रोज लागणारे सामान गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, जड वस्तू त्याखाली आणि क्वचित लागणाऱ्या हलक्या वस्तू वर, हा तुमचा क्रम ऐकायला साधा वाटतो; परंतु आमच्याकडे तो नेमका उलटा होता, कारण हाताशी असलेली जागा जो आधी आला त्याच्या सामानाने अडवलेली होती.

फडताळांना दारे असावीत की नसावीत, यावर आमचे कधीच जमले नसते. ह्यांना वस्तू दिसली नाही तर ती आहे याचाच विसर पडतो, म्हणून ते सगळे उघड्यावर ठेवतात. मला मात्र उघड्यावर पडलेले सामान दिसत राहिले की काम अजून संपले नाही असे वाटत राहते. हा स्वभावाचा फरक आम्ही वर्षानुवर्षे बेफिकिरी आणि हट्ट म्हणून एकमेकांच्या पदरात टाकत आलो होतो. तुम्ही त्यात न्यायनिवाडा केला नाहीत. त्यांच्या टेबलाच्या बाजूचे फडताळ बिनदाराचे केलेत आणि पलंगावरून जे समोर दिसते त्याला दारे लावलीत. बसल्या जागेवरून कोणाची नजर कुठे पडते, एवढेच तुम्ही पाहिलेत, आणि त्यासाठी दोघांच्याही जागेवर स्वतः बसून पाहिलेत.

या विषयावर मी नंतर थोडे वाचले. लॉस एंजेलिसमधील नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास डार्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली प्रसिद्ध केला. आपल्याच घराची ओळख करून देताना ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसाऱ्याचा आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांचा उल्लेख अधिक होता, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचा दिवसभरातील उतार निरोगी मानल्या जाणाऱ्या उतारापेक्षा कमी आढळला; त्यांच्या पतींमध्ये तसा संबंध दिसला नाही. एवढ्यावरून सगळ्या स्त्रिया आणि सगळे पुरुष यांच्याविषयी काही ठरवून टाकणे मला पटत नाही, आणि अनेक घरांत हे चित्र उलटेही असेल. तरी एकाच खोलीत बसलेल्या दोघांना तोच पसारा सारखाच भार देत नाही, एवढे त्यातून घ्यायला हरकत नसावी. आणखी एक जुना अभ्यास वाचून मात्र मला हसू आले. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ साली जोडप्यांना घरकामातील आपापला वाटा विचारला, तेव्हा दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज बहुतेक वेळा पूर्णाहून अधिक भरत होती. स्वतः केलेली आवराआवर आठवते, दुसऱ्याने केलेली दिसतच नाही. ‘या घरात आवरते ती मीच’ हे वाक्य मी त्यानंतर जरा जपून वापरते.

आता त्या प्रसंगाविषयी, ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले. मी बाहेर गेलेली असताना ह्यांनी तुम्हाला माझी मासिके आणि कापडाचे गाठोडे जाताना घेऊन जायला सांगितले होते. “तिला कळणारही नाही,” असेही ते म्हणाले होते. तुम्ही नकार दिलात, आणि तो कुठलेही व्याख्यान न देता दिलात: “ज्यांची वस्तू त्यांच्यासमोर. नाहीतर उद्या तुमच्या वायरींची पिशवी बाहेर जाताना मला अडवता येणार नाही.” हे मला नंतर ह्यांनीच सांगितले, आणि तेही बरेच ओशाळून. दुसऱ्याचे सामान त्याच्या नकळत काढून टाकले की जागा मोकळी होते, पण त्यानंतर ज्याचे सामान गेले तो उरलेल्या प्रत्येक वस्तूवर पहारा देऊ लागतो, आणि मग जे सहज दिले असते तेही सुटत नाही. आपल्या मालकीची वस्तू सोडणे मुळातच अवघड असते. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉफीचा एक साधा मग हातात आलेले लोक तो विकायला जी किंमत मागत होते, ती तसा मग न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही गत असेल, तर ज्या कापडाशी आठवणी जोडलेल्या आहेत ते ‘नुसते तुकडे’ आहेत हे बाहेरून पाहणाऱ्याने सांगून काय उपयोग?

त्यावर तुम्ही सुचवलेली व्यवस्था आजही चालू आहे. ज्याच्या वस्तू त्याने ठरवायच्या, परंतु त्यांना दिलेला खण ठरलेला. वायरी किती ठेवायच्या यावर मी काहीही बोलायचे नाही. त्या त्यांच्या खणात मावल्या पाहिजेत, एवढेच. खण भरला की काय काढायचे ते त्यांचे त्यांनी पाहायचे. कापडाच्या बाबतीत मला हाच नियम. यामुळे झाले असे की ‘एवढे कशाला हवे’ हा प्रश्न मी विचारायचा बंद झाला आणि तो खणानेच विचारायला सुरुवात केली. खणाशी भांडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. जे दोघांच्या सामाईक वापराचे आहे आणि ज्यावर एकमत होत नाही, ते एका खोक्यात भरून त्यावर तारीख घालायची आणि सहा महिन्यांनी दोघांनी मिळून उघडायचे. पहिल्या खोक्यात काय काय होते हे उघडताना आम्हा दोघांनाही नीट आठवत नव्हते, त्यामुळे निर्णय फार लवकर झाले. दोन वस्तू मात्र परत घरात आल्या, त्यातली एक माझ्या आग्रहाने.

खुंट्यांबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. एकदा अंगात घातलेले पण धुवायला टाकण्याइतके न मळलेले कपडे ठेवायचे कुठे, हा प्रश्न बहुतेक कपाटे विचारातच घेत नाहीत, आणि म्हणून प्रत्येक घरात एक खुर्ची त्यासाठी बळी जाते. आमच्या खुर्चीवर बसायला मिळत नव्हते. तुम्ही दारामागे प्रत्येकी चार खुंट्या लावून दिल्यात. त्या कधी कधी ओसंडून वाहतात, हे कबूल. पण खुर्ची मोकळी असते.

एक गोष्ट इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते. रागाच्या भरात आम्ही एकमेकांना ‘हा आजार आहे’ असे म्हणून चुकलो आहोत, आणि ते म्हणणे अन्यायाचे होते. वस्तू साठवत राहण्याचा विकार खरोखर असतो; अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली त्याला स्वतंत्र निदानाचे स्थान दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. त्यात काहीही टाकून देताना माणसाला तीव्र त्रास होतो आणि सामान इतके साचते की खोली तिच्या मूळ कामासाठी वापरताच येत नाही. तसे असेल तर सुताराची नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, आणि घरच्यांनी जबरदस्तीने सामान उपसल्याने ते बरे होत नाही. आमच्याकडे मात्र पलंगावर झोपता येत होते आणि टेबलावर लिहिता येत होते. आमचे प्रकरण टेप आणि पेन्सिल यांच्या आवाक्यातले होते.

सगळे सुरळीत झाले असे सांगून तुम्हाला उगाच खूश करणार नाही. दाराजवळची ती टोपली अजूनही दर आठवड्याला भरते, आणि ती रिकामी कोणी करायची यावर अजून काही ठरलेले नाही. मासिकांच्या बाबतीत माझा खण भरला आहे आणि मी सध्या नवा खण मागण्याच्या विचारात आहे, हेही तुम्हाला सांगून ठेवते. तुम्ही काय म्हणाल याचा अंदाज आहे.

शेवटी एक छोटे काम. ह्यांच्या वायरींच्या खणाची सरकपट्टी उजव्या बाजूने अडकते आहे. पट्टी बिघडली आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. खणावर भार जास्त झाला आहे, असे माझे. सवड काढून एकदा येऊन पाहून जावे, आणि आपले मत दोघे घरी असताना सांगावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
बिनमाळ्याच्या घरातील गृहिणी
(आणि पत्र वाचून दोन दुरुस्त्या सुचवणारे तिचे पती)