तुम्ही बांधून दिलेली युट (पिकअप गाडी) आमच्या सामानासह मर्यादेपेक्षा १९० किलोने जड आहे

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(पत्र त्यांच्याच हाती द्यावे. ग्राहक सेवा विभागाने परस्पर उत्तर देऊ नये.)

गुरुवारी दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सहावं बोलणं झालं. सातवं होणार नाही. गाडी विकताना तुमच्या माणसांनी सगळं मराठीत समजावलं होतं आणि माझा विश्वास त्या मराठीवरच बसला होता, म्हणून तक्रारही मराठीत लिहितोय. सोबत इंग्रजी प्रत आहे. ती कुठे जाणार आहे ते पुढे येईलच.

गाडीच्या पाटीवर जीव्हीएम, म्हणजे माणसं आणि सामानासकट गाडीच्या एकूण वजनाची कायदेशीर मर्यादा, ३२०० किलो आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं, सगळं सामान आणि भरलेल्या टाक्या घेऊन सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो. काटा ३३९० वर थांबला. पुढच्या आसावर (ॲक्सलवर) १३४०, मागच्या आसावर २०५०. मागच्या आसाची मर्यादा १८५० आहे. म्हणजे एकूण वजन १९० किलोने जास्त आणि मागचा आस एकटा २०० किलोने जास्त. काट्यावरच्या माणसाने पावती हातात दिली आणि विचारलं, "हे असं घेऊन वाळवंटात निघालात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे असायला हवं होतं.

फेब्रुवारीत आम्ही तुमच्याकडे आलो ते एक पार्ट घ्यायला नव्हे. गाडी निवडण्यापासून ती बांधून देण्यापर्यंत सगळं एका छताखाली करतो, असं तुम्ही सांगता म्हणून आलो. आल्या आल्या सांगितलं होतं की जुलैच्या सुट्टीत माउंट डेअरहून फ्रेंच लाइन या वाळूतल्या वाटेने ऑस्ट्रेलियातलं सिम्प्सन वाळवंट ओलांडून बर्ड्सव्हिलला जायचं आहे. मध्ये ५०० किलोमीटरहून जास्त अंतर इंधन मिळत नाही, वाळूच्या ११०० हून अधिक टेकड्या आहेत, आणि गाडीत दोन मोठी माणसं, दोन मुलं असणार. माझ्या पत्नीने त्याच दिवशी तुमच्या विक्री प्रतिनिधीच्या हातात एक कागद दिला. त्यावर प्रत्येक वस्तू आणि तिचं वजन होतं: पाणी ८० किलो, अन्न ४०, हत्यारं, कॉम्प्रेसर आणि गाडी ओढून काढायचं सामान ५०, कपडे आणि अंथरूण ४०, इतर २०. एकूण २३०. चौघांची वजनंही लिहिली होती, २४० किलो. न्हाणीघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून तिने हे केलं होतं. तुमच्या माणसाने कागदाची झेरॉक्स काढून फाइलला लावली. मी समोर बसलो होतो.

आता तुमच्याच बिलावरच्या वस्तूंची वजनं घ्या. बुलबार ६५, विंच ३०, खालची संरक्षक पत्रं ३०, बाजूच्या पायऱ्या आणि रेल ४०, मागच्या हौद्यावरची कॅनोपी १५०, ड्रॉवर ९०, फ्रिज २५, छतावरची फ्रेम ३०, छतावरचा तंबू ७०, लिथियम बॅटरी चार्जरसकट २५, मोठी डिझेल टाकी जादा डिझेलसह ७५, दुसरं जादा चाक ३५, जड टायरांचा फरक २५, टोबार ३०. बेरीज ७२०. गाडीचं मूळ वजन २२००, म्हणजे बांधून झाल्यावर २९२०. आम्ही चौघं बसलो की ३१६०. उरतात ४० किलो. नुसतं पाणीच ८० किलो आहे.

ही बेरीज सातवीतला माझा मुलगा करतो. तुमच्या प्रतिनिधीला ती करायची नव्हती, कारण ती केली असती तर बिलावरची एखादी ओळ खोडावी लागली असती. ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत "एक टन क्षमता" छापलेलं आहे. तो एक टन रिकाम्या गाडीचा असतो आणि तुम्ही बसवलेला प्रत्येक नट त्यातून वजा होतो, हे वाक्य चार भेटींत एकदाही कुणी उच्चारलं नाही.

मी विचारलं नव्हतं असं म्हणू नका. दुसऱ्या भेटीत मी विचारलं होतं की एवढं सगळं बसवून गाडी मर्यादेत राहील ना. उत्तर मिळालं, "सस्पेन्शन हेवी ड्युटी टाकतोय, काळजी करू नका." नवीन पाटे (स्प्रिंग) आणि ५० मिलिमीटरची उंची घालून गाडी दिसायला सरळ उभी राहिली, एवढंच. कडक पाटे घातल्याने गाडीची कायदेशीर मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. मागचा भाग दबलेला दिसत नाही, त्यामुळे मालकाला संशयसुद्धा येत नाही. मला आला नाही.

मर्यादा वाढवायचा खरा रस्ता होता आणि तो तुम्ही रोज वापरता. नोंदणी होण्याआधी जीव्हीएम अपग्रेड केलं असतं तर ते केंद्रीय मंजुरीखाली, नव्या पाटीसकट, सगळ्या राज्यांत चाललं असतं. गाडी तेव्हा तुमच्याच आवारात होती, नंबरप्लेट लागायची होती, आमचा कागद तुमच्या फाइलला होता. आता नोंदणी झाल्यामुळे राज्याच्या नियमांनी, अभियंत्याच्या प्रमाणपत्राने ते करावं लागेल. खर्च माझा, वेळ माझा. ज्याचा धंदाच हा आहे त्याने ही वेळ निघून जाऊ द्यावी आणि ग्राहकाला कळूही नये, हे मी कसं समजून घ्यायचं?

आता गुरुवारच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहितोय, कारण तुमच्याकडे त्याची नोंद असेलच आणि ती तुम्ही स्वतः ऐकावी अशी माझी मागणी आहे.

दुपारी सव्वादोनला फोन लावला. चाळीस मिनिटं थांबलो. मग एका तरुण मुलाने उचलला. मी ऑर्डर नंबर सांगितला, काट्याचे आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "काका, वजनाचं ग्राहकाने बघायचं असतं. आमचं काम फिटिंगचं." मी म्हटलं, वजनांचा कागद फेब्रुवारीपासून तुमच्याकडे आहे. तो म्हणाला, "तो आम्ही वाचत नाही, तो सेल्सकडे असतो." मी म्हटलं, मग सेल्सला द्या फोन. तो म्हणाला, "सेल्सवाले विक्रीनंतरचं बघत नाहीत." मी विचारलं, मग बघतं कोण? थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्याने फोन बहुतेक स्पीकरवर टाकला, कारण मागची माणसं ऐकू यायला लागली. आणि तो म्हणाला, "काका, सोपं आहे. काकूंना विमानाने पाठवा ना बर्ड्सव्हिलला. पासष्ट किलो तिथेच वाचतील." मागून हसण्याचा आवाज आला. एकाहून जास्त माणसांचा.

माझाही फोन स्पीकरवर होता. पत्नी शेजारी बसली होती, तोच कागद पुढ्यात घेऊन, कारण आकडे ती मला दाखवत होती. तिने कागदाची घडी घातली आणि ती आत गेली. त्या संध्याकाळी सहलीचा विषय घरात निघाला नाही. मुलीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, बघू.

पासष्ट हा आकडा त्या मुलाला कुठून मिळाला याचा विचार करा. तो तिच्याच कागदावर होता. म्हणजे कागद समोर उघडा होता. "आम्ही वाचत नाही" हे खोटं होतं. या सगळ्या व्यवहारात एकाच माणसाने प्रामाणिकपणे वजनं केली, आणि तुमच्या कर्मचाऱ्याने तिचीच वजनं वाचून तिलाच गाडीतून उतरायला सांगितलं.

आणि ज्या गाडीच्या जोरावर तुमचा धंदा चालतो ती मुळात आली कुठून, हे तुमच्या माणसांना माहीत असायला हवं. १९३२ साली व्हिक्टोरियातल्या गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. जिलाँगमध्ये लुईस बँड्ट या तरुण डिझायनरने तशी गाडी आखली आणि १९३४ मध्ये पहिली युट तयार झाली. एका बाईने आपल्याला काय वाहून न्यायचं आहे ते कागदावर लिहून कळवलं आणि कंपनीने ते वाचलं. १९६२ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी सिम्प्सन पहिल्यांदा मोटारीने ओलांडलं, तेव्हा पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन्ही मुलं त्यांच्याबरोबर होती.  कुणाला मागे ठेवलं नव्हतं.

याआधीच्या, म्हणजे पाचव्या फोनवर तुम्ही तोडगा म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जोड द्यायला एअरबॅग (सस्पेन्शनमधल्या हवेच्या पिशव्या) फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली होती. मी ती नाकारली. पाट्यांमधून येणारा भार चॅसिसवर दोन टोकांना पडतो. मधोमध एअरबॅग घातली की तेवढाच भार एका ठिकाणी, आसाच्या वर, चॅसिसला खालून रेटतो. आमची कॅनोपी, ड्रॉवर आणि जादा चाक यांचं बरंच वजन आसाच्या मागे लटकलेलं आहे. फ्रेंच लाइनवरचे चढ आधीच्या गाड्यांनी खड्ड्याखड्ड्यांचे करून ठेवलेले असतात आणि तिथे गाडीची मागची बाजू तासन्‌तास आपटते. अशाच मांडणीत ड्युअल कॅब, म्हणजे चार दारांच्या, युटच्या चॅसिस कॅबिनच्या मागे वाकतात. वाकलेल्या चॅसिसच्या गाड्या तुमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येत असतील. जादा वजनाच्या गाडीला एअरबॅग सुचवणं म्हणजे काय, ते तुमच्या मेकॅनिकना कळतं. मग मला ते का सुचवलं गेलं? विमा कंपनीने दावा नाकारला असता आणि आम्ही माउंट डेअरपासून २०० किलोमीटरवर वाकलेल्या गाडीत दोन मुलांना घेऊन बसलो असतो, तर त्याला जबाबदार कोण होतं?

आणखी एक गोष्ट वजनं करताना सापडली. बिलावर पुढच्या बाजूला दोन "रिकव्हरी पॉइंट", म्हणजे रुतलेली गाडी ओढायला पट्टा अडकवायच्या जागा, लिहिलेत. त्यापैकी डावीकडे भार-क्षमता कोरलेला खरा पॉइंट आहे. उजवीकडे मूळ कंपनीचा, गाडी जहाजात बांधायचा हूक तसाच ठेवलेला आहे. पट्टा लावून जोरात ओढताना असला हूक तुटला की तो काच फोडून आत येतो, आणि अशाने माणसं मेली आहेत. पैसे दोनचे घेतलेत. एवढं एक उदाहरण पुरे.

आमच्या ओळखीतल्या तीन कुटुंबांना मी स्वतः तुमचं नाव सांगितलं होतं. एकाने मार्चमध्ये तुमच्याकडूनच गाडी बांधून घेतली. परवा त्याला फोन करून सांगितलं, आधी वजनकाट्यावर जा. तो फोन करताना मला लाज वाटली. चूक तुमची होती आणि शरमेने मान माझी खाली गेली, याचा राग या पत्रात जास्त आहे.

मला हे हवं आहे. गाडीचं जीव्हीएम अपग्रेड प्रमाणपत्र, नवी पाटी आणि राज्याच्या मंजुरीसकट तुमच्या खर्चाने करून द्या, आणि तेही मागच्या आसाची मर्यादा वाढेल असंच, नुसतं एकूण नव्हे. ते होत नसेल तर कॅनोपी, ड्रॉवर आणि टाकी उतरवून त्यांचे पूर्ण पैसे परत करा. उजवीकडचा रिकव्हरी पॉइंट बदला. आणि माझ्या पत्नीची लेखी माफी मागा, तुमच्या सहीने. फोनवर, कर्मचाऱ्याकडून मागितलेली माफी आम्ही स्वीकारणार नाही.

ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ २०११ पासून लागू आहे. ग्राहकाने आपला उपयोग सांगून घेतलेली वस्तू आणि सेवा त्या उपयोगाला योग्य असली पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. आमचा उपयोग आम्ही किलोकिलोने लिहून दिला होता. तो कागद तुमच्याकडे होता. चौदा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर इंग्रजी प्रत कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या राज्याच्या ग्राहक खात्याकडे जाईल आणि अर्ज व्हीकॅटमध्ये, म्हणजे राज्याच्या न्यायाधिकरणात, दाखल होईल. अर्ज भरून तयार आहे.

वाळवंटातल्या उद्यानांत जायचा डेझर्ट पार्क्स पास काढून ठेवला आहे. या जुलैत आता जाणं होणार नाही. पुढच्या वर्षी आम्ही जाऊ, चौघंही, एकाच गाडीतून.

तुमचा ग्राहक

सोबत: वजनकाट्याची पावती, बिलाची प्रत, दोन्ही पुढच्या हुकांचे फोटो, आणि फेब्रुवारीत तुम्हाला दिलेल्या वजनांच्या कागदाची प्रत. मूळ कागद आमच्याकडे आहे.