बॉयलरखान्याला एक ओळ तरी द्यायची होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जुन्या आगबोटींच्या नूतनीकरणावरचा पानभर लेख दोनदा वाचला. झुंबरं, जिने, नाचघर, गालिचे, सगळं आलंय. बॉयलरखान्याला मात्र एक ओळसुद्धा नाही. मी एकवीस वर्षं मुंबईच्या गोदीत बॉयलर फिटर होतो, आता पाटण तालुक्यात गावी असतो. रात्रभर डोक्यातून हा लेख जाईना, म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसलो.

आधी फोटोचं. खाली ‘क्वीन एलिझाबेथ २’ असं छापलंय आणि वर तीन धुराड्यांचं जहाज आहे. तीन धुराडी ‘क्वीन मेरी’ची. एलिझाबेथ दोनला एकच धुराडं, आणि ती आज दुबईत उभी आहे. ‘मेरी’ अमेरिकेत लाँग बीचला. एवढं तरी छापण्याआधी कुणाला विचारायचं होतंत.

ही ‘मेरी’ ‘जशीच्या तशी जपली आहे’ असं लेखक लिहितात. ती १९६७च्या डिसेंबरात लाँग बीचला पोचली आणि तिथं तिचं हॉटेल करताना सगळे बॉयलर काढून टाकले. धुराडी उतरवायला गेले तर पत्रा गंजून संपलेला, रंगाच्या थरांवर थर होते म्हणून ती उभी होती. आज दिसतात ती नवी केलेली आहेत. हॉटेल करा, माझी ना नाही. मोडीत जाण्यापेक्षा ते शंभर पटीनं चांगलं. पण ज्याच्या जोरावर ती अटलांटिक ओलांडायची तेच पोटातून गेल्यावर ‘जशीच्या तशी’ कसं लिहिता?

खरं काम बघायचं तर एलिझाबेथ दोनचं बघा. १९८६-८७ला जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या गोदीत तिची वाफेची टर्बाइनं काढून नऊ डिझेल इंजिनं बसवली. त्यावर ती २००८पर्यंत चालली. लेखात यासाठी ‘इंजिने बदलली’ एवढे दोन शब्द. त्याच गोदीत १९७९-८०ला ‘फ्रान्स’ची ‘नॉर्वे’ झाली. सहलीच्या जहाजाला एवढा वेग कशाला, म्हणून पाण्याखालच्या चारातले दोन पंखे (प्रॉपेलर) काढले आणि पुढचा इंजिनखाना बंद केला. ‘नॉर्वे’वरच्या स्विमिंग पुलावर लेखकांनी परिच्छेद खर्च केलाय. पण २००३च्या मे महिन्यात मायामीला तिचा बॉयलर फुटून आठ कामगार गेले, हे नाही. पुढं ती ‘ब्लू लेडी’ नावानं आपल्याच गुजरातेतल्या अलंगला मोडायला आली, तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून (उष्णता अडवायला वापरायचे ते तंतूंचं खनिज, याची धूळ फुफ्फुसं खाते) सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि २००७ला कोर्टानं मोडायची परवानगी दिली, हेही नाही.

ॲस्बेस्टॉस हा शब्दच अख्ख्या पानात नाही, आणि माझा राग त्याचाच आहे.

आम्ही त्याला कापूस म्हणायचो. वाफेच्या पाइपांवर त्याचं जाड अस्तर असतं, लॅगिंग म्हणतात. जुनं जहाज सुक्या गोदीत आलं की पहिल्यांदा ते फोडायचं, त्याशिवाय पाइपाला हात घालता येत नाही. हातोडीनं फोडलं की पांढरी धूळ उठायची, ती खाली बसायलाच जागा नसे. बल्बचा उजेड धुरकट व्हायचा. नवं लावताना ती पूड बादलीत पाणी घालून लापशीसारखी कालवायची आणि उघड्या हातानं पाइपावर थापायची. तोंडाला स्वतःचाच पंचा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी केस झटकायचे, तर भाकरीवर पांढरं पडायचं.

शेजारच्या गावचा एकजण लॅगिंगवर होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. रे रोडला गावकीच्या खोलीत आमची वळकटी शेजारी शेजारी. पाळी संपवून आला की रात्री तोच कापसाच्या धुळीचा शर्ट उशाला घ्यायचा. गावी परतल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी त्याला दम लागायला लागला. घराची चढण चढताना मधल्या जांभळीखाली बसायचा. टीबी म्हणून आठ महिने गोळ्या झाल्या. मग पुण्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करत होता? तोवर उशीर झाला होता. ठेकेदाराकडे मी स्वतः दोनदा गेलो. हजेरीचं पुस्तक सापडत नाही, एवढंच उत्तर. वहिनींच्या ट्रंकेत त्याचा गोदीचा पास आहे. त्यावर कामाच्या जागी ‘मजूर’ लिहिलंय. लॅगिंगचा उल्लेख कुठंच नाही, म्हणून भरपाईचा अर्ज पुढं सरकलाच नाही.

जुन्या बोटींचं नूतनीकरण म्हटलं की मला हे आठवतं. त्या बोटींच्या पोटात हा कापूस होताच, आणि नवा गालिचा अंथरण्याआधी तो कुणीतरी काढलेला असतो. तो कुणी काढला, तोंडाला काय बांधून काढला, हे लेखकांनी विचारायला हवं होतं.

आणखी एक. गेल्या वर्षी कोयनेच्या पुनर्वसनावरचं माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत. त्यात गावाचं नावच गेलं आणि लोक मलाच विचारत बसले. हे कापायचंच असेल तर वरचं धुराड्यांचं कापा, कापसाचं ठेवा.

येत्या रविवारी फोटोखालचं नाव दुरुस्त कराल, तेव्हा लॅगिंगवर काम केलेल्यांबद्दल एक चौकट द्यावी. सातारा-सांगलीकडची किती माणसं गोदीत होती हे आपल्याला माहीत आहे. लेखकांना माहिती हवी असेल तर मी एसटीनं साताऱ्याला यायला तयार आहे. वहिनींना विचारून तो पासही घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त बॉयलर फिटर
ता. पाटण, जि. सातारा