हॅमस्टर आणि मराठवाड्याचा उन्हाळा

महोदय,

मुलीच्या हट्टाखातर सीरियन हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याची जोडी घरी आणली, तेव्हा हा प्राणी एकटाच ठेवावा लागतो हे विक्रेत्याने सांगितले नाही. मोठे होताच दोघे रक्त निघेपर्यंत भांडले आणि वेगळे पिंजरे घ्यावे लागले. त्याहून गंभीर प्रश्न उष्म्याचा आहे. साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवणाऱ्या आणि घामावाटे शरीर थंड करू न शकणाऱ्या या जिवाला परभणीतील ४० अंशांपुढचा मे महिना, विशेषतः पत्र्याच्या खोलीत, प्राणघातक ठरू शकतो. आम्ही पिंजरा तळमजल्यावर, कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवतो आणि आत गार शहाबादी फरशीचा तुकडा ठेवतो. दिवसा झोपलेल्या हॅमस्टरला मुलांनी उठवू नये, हेही पालकांनी पाहावे. विक्रेत्यांनी ही माहिती खरेदीच्या वेळीच लेखी द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, परभणी