मित्रास पत्र : मायक्रोवेव्ह नसलेल्या ओट्यावरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नवी खोली लहान, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी मांडली की भाजी चिरायला जेमतेम जागा उरते, मायक्रोवेव्ह ठेवायचा कुठे, हे वाचून तुझी अडचण डोळ्यांपुढे उभी राहिली. रात्री उशिरा दमून येतोस आणि फ्रिजमधलं गार पातेलं समोर दिसलं की जेवायची इच्छाच मरते, असं तू लिहिलंयस. ते वाक्य मला लागलं. तू उपाशी झोपावंस हे मला चालणार नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

आमचा मायक्रोवेव्ह बंद पडून तीन वर्षं होतील. दिवा लागायचा, तबकडी फिरायची, घरघरही यायची, पण वाटीतलं सूप गारच. आत मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते, लहरी तीच तयार करते. ती गेली की बाकीचं सगळं चालू राहतं आणि गरम मात्र काही होत नाही. दुरुस्ती लांबली, तोवर भागवायचं म्हणून वरच्या फळीवरची पातेली खाली काढली, आणि ती पुन्हा वर गेलीच नाहीत.

पहिला आठवडा वाईट गेला, हे तुला आधीच सांगतो. भात तळाला लागला आणि वरून गारच राहिला. दूध करपलं. पाव तव्यावर टाकला तर दगड झाला. मी सगळ्यांना एकाच न्यायाने वागवत होतो : भांडं ठेवायचं, मोठी आच करायची आणि वाट बघायची. इतकी वर्षं एकच बटण दाबत आलो होतो, त्यामुळे 'गरम करणं' हे एकच काम आहे असं डोक्यात पक्कं बसलं होतं. तसं ते नाही. भाताला हवी ती उष्णता पावाला चालत नाही आणि पावाची दुधाला चालत नाही.

मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर आत शिरतात. त्यांचं विद्युत क्षेत्र सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा उलटसुलट होतं, पदार्थातले पाण्याचे रेणू त्याच्याबरोबर वळू पाहतात आणि त्या ओढाताणीतून उष्णता तयार होते. म्हणजे ती पदार्थाच्या अंगातच निर्माण होते. गॅसची आच तसं काही करत नाही. ती फक्त भांड्याच्या तळाला भेटते. तिथून पदार्थाच्या पोटापर्यंत उष्णता कोण नेणार, हा खरा प्रश्न. मी आता कुठलंही भांडं गॅसवर ठेवण्याआधी मनात एवढंच विचारतो. सूप, रस्सा यांत पाणी असतं, तळचं गरम होऊन वर येतं, वरचं गार खाली जातं, तेच ने-आण करतं. तू फक्त मधूनमधून ढवळ. घट्ट पदार्थ मात्र जागचा हलत नाही. त्याच्यासाठी वाफ लागते.

भाताचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या फ्रिजात रोज तोच असणार. फ्रिजमध्ये भात कडक होतो तो नुसता सुकल्यामुळे नाही. शिजताना पाणी पिऊन मऊ झालेला स्टार्च गारव्यात पुन्हा रचून बसतो. त्याला परत मऊ करायला उष्णता आणि ओल दोन्ही हवीत. म्हणून जाड बुडाचं पातेलं घे. भात हातानेच मोकळा कर, चमच्याने दाबून ढेकळं फोडू नकोस, शितं मोडतात. वाटीभर भाताला दोन चमचे पाणी, कडेकडेने. घट्ट झाकण. सुरुवातीला मिनिटभर मध्यम आच, मग अगदी बारीक. आता झाकण उघडायचं नाही, कान द्यायचा. आधी काहीच ऐकू येत नाही. मग तळातून बारीक चुरचुर सुरू होते, ते पाणी वाफ होऊ लागल्याचं लक्षण. थोड्या वेळाने झाकणाच्या कडेवर थेंब जमतात, आणि चुरचुर मऊ होत होत जवळजवळ थांबते. तिथेच गॅस बंद कर आणि तीन-चार मिनिटं तसंच राहू दे. झाकण काढलंस की तोंडावर वाफेचा भपकारा येतो आणि भाताचा वास ताज्यासारखा असतो. शीत बोटांत धरून बघ, आतपर्यंत मऊ लागेल.

वाफेत एवढं बळ कुठून येतं याचं मला फार नवल वाटत आलंय. एक ग्रॅम उकळतं पाणी पार बर्फाइतकं गार झालं तर सुमारे 420 ज्यूल उष्णता देतं. पण एक ग्रॅम वाफ गार शितावर बसून नुसती पाणी झाली, तरी सुमारे 2260 ज्यूल देऊन जाते. आणि जिथे जास्त गार, तिथे ती जास्त बसते. कुठला कोपरा अजून गरम व्हायचाय हे तिला सांगावं लागत नाही. तबकडीवर फिरून आलेल्या भातात एक घास चटका देणारा आणि दुसरा गार, असं व्हायचं ते आठवतंय ना? वाफेवर तसं होत नाही.

भाताबाबत एक गोष्ट मात्र मनावर घे, मी काळजीने सांगतोय. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात आणि ती शिजवण्यातून वाचतात. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांचं एक विष असं आहे की मागाहून कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून रात्रीचा भात सकाळपर्यंत बाहेर ठेवू नकोस. पसरट भांड्यात काढ, लवकर निवू दे, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ दे. गरम करायचा तो एकदाच आणि पुरता, सगळीकडून वाफा निघेपर्यंत. मायक्रोवेव्ह असो नसो, हे पाळायलाच हवं.

कोरडी भाजी गरम करायची तर कढईवर खोलगट झाकण ठेव आणि त्या झाकणातच पाणी घाल. झाकण वाफेपेक्षा गार राहतं, खालून आलेली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत भाजीवर पडते. भाजी स्वतःच्याच पाण्यात गरम होते, तळाला लागत नाही, आणि कोरडी वाटली तर झाकणातलं कढत पाणी हाताशी असतंच. गार पाणी ओतून आलेली वाफ मोडावी लागत नाही. ही युक्ती मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ती का करतात हे मायक्रोवेव्ह गेल्यावर कळलं.

दुधाला मी आता कधीही मोठी आच देत नाही. सत्तर अंशांच्या पुढे दुधातली काही प्रथिनं उलगडतात आणि तापलेल्या तळाला चिकटून बसतात, तिथूनच करपायला सुरुवात होते. भांडं आधी गार पाण्याने विसळ, कोरडं न पुसता त्यात दूध ओत, बारीक आचेवर ठेव आणि तिथून हलू नकोस. लोणी किंवा चॉकलेट वितळवायचं तर भांडं थेट गॅसवर नकोच. खाली पातेल्यात थोडं पाणी तापत ठेव आणि वर वाटी अशी बसव की तळ पाण्याला टेकणार नाही.

पावाचं गणित मजेशीर आहे. शिळ्या पावाचंही भातासारखंच झालेलं असतं, स्टार्च रचून बसलेला. साठ अंशांपुढे गेला की तो परत सैल होतो. पण पावाला भाताइतकी वाफ दिलीस तर वरून लगदा होईल. हात ओला करून पावावर नुसता फिरव, बारीक आचेवरच्या तव्यावर ठेव आणि वर पातेलं पालथं घाल. दोन मिनिटं झाकून, मग एक मिनिट उघडा. झाकलेल्या वेळात आतून मऊ होतो, उघड्या वेळात वरून कुरकुरीत. हा कुरकुरीतपणा मायक्रोवेव्हला साधतच नाही. पदार्थात पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि पाव, मांस किंवा बटाट्याला जो खमंग तपकिरी रंग येतो तो पृष्ठभाग 140 अंशांच्या आसपास पोचला की भराभर चढतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. मी हे वाचलं त्या दिवशी मुद्दाम उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या तव्यावर ठेवल्या आणि कडा सोनेरी होईपर्यंत उलथन्याला हात लावला नाही. मित्रा, रात्रीचे उरलेले बटाटे इतके चांगले लागू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

फ्रीझरमधल्या गोष्टींना मात्र वेळ द्यावा लागतो. तिथे पळवाट नाही. घाई तर मायक्रोवेव्हलाही नीट जमत नव्हती. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी शोषतं, त्यामुळे एक कोपरा वितळला की सगळी उष्णता तिथेच जाते. कडा शिजते आणि मध्ये गोळा तसाच. तू सकाळी निघताना लागेल ते फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवत जा, संध्याकाळी सुटलेलं असेल. विसरलास तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडव आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदल. अर्ध्या किलोच्या मांसाला तासभर पुरतो. कोमट पाणी वापरायचा मोह होईल, तो टाळ. आत गोठलेलं आणि वरून कोमट, ही जिवाणूंना सर्वांत सोयीची अवस्था.

आता बाबांबद्दल लिहायचंय. बाबांना त्या यंत्राची बटणं कधी जमली नाहीत. आम्ही बाहेर असलो की ते गारच खायचे आणि विचारलं तर 'मला चालतं' म्हणायचे. मायक्रोवेव्ह बंद पडल्यावर एकदा मी संध्याकाळी घरी आलो तर ते ओट्यापाशी उभे, एका हाताने पातेल्याची कड धरलेली, दुसऱ्या हाताने सूप ढवळतायत. आच त्यांना कळत होती. वाफ बघून, चमच्याला लागणारा जडपणा बघून ते ओळखत होते. त्यांनी मलाही वाटीभर दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी गरम करून दिलेलं मी पहिल्यांदा खाल्लं, आणि तेव्हाच ठरवलं की दुसरा मायक्रोवेव्ह आणायचा नाही.

पण तुझ्यापासून काही लपवणार नाही. मायक्रोवेव्हची वेळ संपली की तो आपला आपण बंद होतो. गॅस होत नाही. गेल्या पावसाळ्यात बाबा पातेलं ठेवून विसरले, मी शेजारच्या खोलीत होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून ओट्यावर वाजणारं घड्याळ ठेवलंय. आच पेटवली की आधी त्याला चावी द्यायची हा नियम सगळ्यांना आहे. तू दमून येतोस, बसल्या बसल्या डोळा लागायचा, म्हणून तूही पहिल्या दिवसापासून तसंच कर. विसरभोळेपणा वाढलेलं माणूस एकटं राहत असेल तर मी स्वतः त्याला मायक्रोवेव्ह घ्यायला सांगेन. अगदी एका वाटीसाठी, एका कपासाठी तो सोयीचाही आहे, हे मान्य. मॅग्नेट्रॉन मुळात रडारसाठी वापरली जायची. 1945 च्या सुमारास पर्सी स्पेन्सर या इंजिनियरच्या खिशातली खाऊची वडी तिच्याजवळ वितळली असं सांगतात, आणि ओट्यावर बसेल असा घरगुती मायक्रोवेव्ह यायला 1967 साल उजाडलं. फार जुनी गोष्ट नाही ही. त्याआधीही लोक रात्री उशिरा घरी येतच होते.

तुला घ्यायचंच असेल तर एक प्रेशर कुकर घे. त्यात वाफ कोंडली की तापमान 120 अंशांच्या जवळ जातं आणि बटाटे, कडधान्यं लवकर शिजतात. कुकर नेहमीसारखा भरून आत डब्यात कालची भाजी ठेवलीस तर एकाच आचेवर दोन्ही होतं. आणि एक जाड बुडाचं पातेलं. पातळ स्टीलचं नको. ॲल्युमिनियम उष्णता स्टीलपेक्षा सुमारे 15 पट चांगली वाहून नेतं, म्हणून तळात ॲल्युमिनियमचा थर असलेलं स्टील बघ, म्हणजे जिथे ज्वाला तिथेच डाग, असं होत नाही. अंडी उकडायला तर पूर्ण वेळ गॅसही नको. पाण्याला उकळी आली की बंद करून झाकण ठेव, 12 मिनिटांत घट्ट होतात. तेवढ्यात तुझे हातपाय धुऊन होतात.

रात्री खोलीत आल्या आल्या पहिलं काम हे कर : पातेलं बारीक आचेवर ठेव, घड्याळाला चावी दे, मग कपडे बदल. माझं मोजून झालंय, भाताला सगळे मिळून आठ मिनिटं लागतात.

उलट टपाली एवढं मात्र कळव, तुझ्याकडच्या पातेल्याचं झाकण नीट बसतं का? हलत असेल तर भाताची वाफ टिकायची नाही. आमच्याकडे एक जास्तीचं आहे, जड आणि खोलगट, वर पाणी ठेवता येईल असं. पातेल्याच्या तोंडाचं माप पट्टीने घेऊन लिही, बसणारं असेल तर पाठवून देतो.

तुझाच,
मित्र