सूत्र पाठ, पण उत्तर तपासणार कोण?

मा. संपादक,

दहावीच्या पोरांना वर्गसमीकरण दिलं की लगेच सूत्र, उणे बी, अधिक-उणे वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए, झोपेतनं उठवलं तरी म्हणून दाखवतील. हे आलं कुठनं विचारा, सगळी गप्प.

मी शहापुरात ट्यूशन घेते. पोरांना पहिलं गणित घालते ते साईटचं, म्हणजे घर बांधायच्या प्लॉटचं. १२०० स्क्वेअर फुटांची साईट, लांबी रुंदीपेक्षा १० फूट जास्त, रुंदी किती? बेळगावचं पोर काही न मांडताच सांगतं, तीस-चाळीस की मॅडम! घरात तेच ऐकलेलं असतंय. मग म्हणते आता मांडून दाखव. रुंदी एक्स धरली की एक्स वर्ग अधिक १० एक्स बरोबर १२००, दोन्हीकडे २५ मिळवले की डावीकडे एक्स अधिक ५ चा वर्ग आणि उजवीकडे १२२५, म्हणजे ३५ चा वर्ग, झालं, एक्स ३० नाहीतर उणे ४०. सूत्र म्हणजे हेच, फक्त अक्षरं घालून केलेलं. जुने गणिती श्रीधराचार्य, त्यांची तर त्याहून भारी युक्ती, आधी सगळं ‘चार ए’ने (ए म्हणजे एक्स वर्गाच्या पुढचा आकडा) गुणून घ्यायचं, म्हणजे मधे अपूर्णांकांची कटकटच नाही.

साईटची रुंदी उणे नसते म्हणून उणे ४० सोडलं, बरोबर. पण पोरं तेवढंच धरून बसतात, उणे आलं की खोडा आणि अधिक आलं की लिहा, आणि गाईडंही तसंच शिकवतात. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातली माकडं बघा. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वनात खेळतायत, उरलेली १२ डोंगरावर, एकूण किती? ४८ पण बरोबर आणि १६ पण. दुसऱ्या गणितात पाचव्या भागातनं ३ वजा करून जे येईल त्याचा वर्ग एवढी गुहेत गेली, बाहेर एकच दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. दोन्ही अधिकच, पण ५ चालत नाही, कारण पाचाचा पाचवा भाग १, त्यातनं ३ वजा कुठनं करणार? हे त्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय, आणि आमची पोरं पेपरात दोन्ही उत्तरं लिहून पुढच्या प्रश्नाला पळतात.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी असं एखादं गणित टाका की, उत्तर पुढच्या रविवारी. जागा फार लागत नाही.

एक वाचक, शहापूर, बेळगाव